ऋतू, शेत आणि सण: इंदूरच्या मराठी घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या भोवती माळव्याचं काळ्या मातीचं पठार आहे. दक्षिणेला घाट उतरला की नर्मदाकाठचं निमाड लागतं आणि पश्चिमेला धार ओलांडली की झाबुआ-अलीराजपूरचा भिल्ल-भिलालांचा मुलूख. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांनी पोळा, घट, ऋषिपंचमी सोबत आणली. संजा आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, त्यांना इथे मिळाली. या सगळ्या सणांचं मूळ शेतात आहे हे आपण ऐकून असतो, पण शहरात राहून ते मूळ दिसत नाही. त्यातून पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी सरळ उत्तरं पुढे दिली आहेत.

सणाचा निसर्गरक्षणाशी खरंच संबंध आहे, की हे आपण आता जोडतो आहोत?

संबंध आहे, पण आपण तो बहुतेकदा चुकीच्या जागी शोधतो. फुलं वाहिली, झाडाला दोरा गुंडाळला, नदीची आरती केली म्हणून झाड किंवा नदी वाचत नाही. जुन्या ऋतुसणांमध्ये कामाची गोष्ट असते ती मनाईची: अमुक दिवसापर्यंत नवं धान्य खायचं नाही, अमुक दिवशी बैलाला जुंपायचं नाही, अमुक राईतली काडीसुद्धा तोडायची नाही. ही मनाई जिथे पाळली जाते तिथे सण निसर्गाच्या उपयोगी पडतो. जिथे मनाई गेली आणि नुसता थाट उरला, तिथे तोच सण निसर्गावर भार होतो. पुढची बहुतेक उत्तरं मी याच कसोटीवर दिली आहेत.

शेजारच्यांचा श्रावण आपल्या आधी का सुरू होतो?

आपला महिना अमावस्येला संपतो, उत्तर भारतातल्या पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे इंदूरात शेजारच्या घरी श्रावणी सोमवार सुरू होतात तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो. त्यांची हरियाली अमावस्या ही आपली दिव्यांची अवस. वटसावित्रीलाही असाच फरक पडतो: माळव्यात पुष्कळ बायका ज्येष्ठ अमावस्येला वड पुजतात, आपण त्यानंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमेला.

शेताच्या दृष्टीने यात भांडण काहीच नाही. चांद्र महिने आणि पाऊस यांचा मेळ दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून बसवलेला आहे. २०२५मध्ये पोळा ऑगस्टात आला. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तो सप्टेंबरात जातो. म्हणून ‘पोळ्याला पीक एवढं असतं’ असं ठाम सांगता येत नाही. तिथी सांगणारा जुना शेतकरीसुद्धा नक्षत्र बघूनच पेरत असे.

‘नवाई’ म्हणजे काय?

झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी भागातल्या भिल्ल आणि भिलाला गावांचा हा सण, आणि माझ्या मते या सगळ्यांत तो सर्वांत समजून घेण्यासारखा आहे. पावसाळी पीक हाती येऊ लागलं की मक्याची कणसं, काकडी, शेंगा, भाज्या आधी बाबदेवाला, गावच्या इतर देवांना आणि पूर्वजांना दाखवायच्या, मगच घरात खायच्या. नवाई होईपर्यंत नवं काही तोंडात घालायचं नाही, असा नेम.

तारीख पंचांगात छापलेली नसते. गावाचा पटेल, पुजारा आणि वडीलधारी माणसं बसून दिवस ठरवतात, त्यामुळे एका गावची नवाई आणि शेजारच्या गावची नवाई एकाच दिवशी असेल असं नाही. यात मोठं शहाणपण आहे. डोंगरउतारावर पाऊस गावागणिक वेगळा, माती वेगळी, पेरणी वेगळी. पीक कुठे तयार झालं आहे हे त्या गावालाच कळणार. सगळं गाव एकदम थांबतं, तेव्हा कोवळं पीक ओरबाडलं जात नाही, रानातल्या वेलींना आणि भाज्यांना पक्व होऊन बी धरायला वेळ मिळतो. पहिली चांगली कणसं बियाण्यासाठी नजरेत भरतात. आणि हाताशी काही नसलेल्या घरालाही नव्या अन्नाचा पहिला घास सगळ्यांबरोबरच मिळतो.

त्याआधी पेरणीनंतर दिवासा येतो. उभ्या पिकासाठी आणि गुराढोरांसाठी मागणं मागण्याचा तो सण.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि ते इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरात अजून जिवंत आहे: ऋषिपंचमीची भाजी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा मूळ नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य वर्ज्य. मग खायचं काय? परसातलं, कुंपणावरचं, बांधावरचं: अळू, माठ, सुरण, चुका, लाल भोपळा, पडवळ, दोडका, कोवळा मका. भाज्या घराघरात थोड्या बदलतात.

आज आपण ही भाजी तयार जुडग्यांतून आणतो आणि ती आणण्याची धावपळ हाच सण होऊन बसतो. पण विचार करून पाहा: वर्षातला एक दिवस नांगराशिवाय जेवायचं, तर घराभोवती नांगराशिवाय उगवणाऱ्या पंधरा-वीस वनस्पती ओळखता आल्या पाहिजेत आणि त्या जिवंतही राहिल्या पाहिजेत. आजीला अळूचा खाजरा आणि बिनखाजरा प्रकार ओळखू येई, कारण दरवर्षी एकदा तरी त्याची गरज पडे. बंगल्याच्या मागे हातभर जागा असेल तर अळूचे दोन कांदे आणि सुरणाचा एक गड्डा लावा. दोन्ही सावलीत येतात, फार मागत नाहीत.

भगोरिया म्हणजे पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा, हे खरं का?

नाही. हे वर्णन वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी फिरवलं आहे आणि आदिवासी समाजातली शिकलेली पिढी त्यावर उघडपणे आक्षेप घेते. तो आक्षेप रास्त आहे.

भगोरिया म्हणजे होळीआधीच्या आठवड्यातले हाट. ज्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी, त्या वारी तिथला भगोरिया. लोक होळीसाठी डाळ, गूळ, गुलाल, साखरेच्या गाठी, कपडे आणि दागिने घेतात. मांदल (मोठा ढोल) वाजते, थाळी वाजते, बासरी असते, टोळ्याटोळ्यांनी नाच होतो. रब्बीचं पीक काढणीला आलेलं असतं, मोह फुलायच्या बेतात असतो. कामासाठी गुजरातेत गेलेली घरंची घरं या दिवसांत परततात. वर्षभर विखुरलेलं गाव एकत्र दिसण्याची ही वेळ. तरुण मुलंमुली भेटतात, काही जुळतंही, जसं कुठल्याही जत्रेत जुळतं. त्यावरून अख्ख्या सणाला तेच नाव देणं हा त्या मुलींचा अपमान आहे.

उगमाबद्दल एक कथा सांगतात: राजा भोजाच्या काळात कासूमरा आणि बालून या दोन भिल्ल राजांनी आपल्या भगोर नावाच्या राजधानीत मेळा आणि हाट भरवला, त्यावरून हे नाव पडलं. कथा म्हणूनच ती ऐकावी.

इंदूरहून बघायला जावं का? गेल्यास कसं वागावं?

जावं. झाबुआ इंदूरपासून साधारण दीडशे किलोमीटर, धारवरून अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाने. अलीराजपूर त्याहून लांब. त्या जिल्ह्यातला वालपूरचा भगोरिया विशेष प्रसिद्ध आहे. गर्दी दुपारी भरते.

वागण्याचं एवढंच: विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका, मुलींचा तर नाहीच. नाचाच्या घोळात आपण होऊन घुसू नका. कुणी हात धरून नेलं तर जरूर जा. पाण्याच्या बाटल्या परत आणा. आणि हाटात काहीतरी खरेदी करा, कारण तो मुळात बाजार आहे. २०११च्या जनगणनेनुसार झाबुआत सुमारे ८७ टक्के आणि अलीराजपुरात सुमारे ८९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तिथे पाहुणे आपण आहोत.

मोहाच्या झाडाला एवढं महत्त्व का?

मोह फुलतो तो मार्च-एप्रिलात. रब्बी उरकलेली आणि खरीप दूर, अशा कोरड्या दिवसांत. फुलं पहाटे गळतात, बायका-मुलं ती वेचतात, वाळवतात, खातात, विकतात, दारू गाळतात. पुढे फळांच्या बियांपासून तेल निघतं. जमीन नांगरावी लागत नाही, बी टाकावं लागत नाही. म्हणून शेत मोकळं करतानासुद्धा मोह तोडत नाहीत. कुठलं झाड कुठल्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं आणि तो हक्क वारशाने पुढे जातो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची रीत आहे. ती आग कधीकधी रानात पसरते आणि मोहाची स्वतःची रोपंही त्यात जळतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी म्हातारे मोह आहेत, तरुण मोह नाहीत. झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलणं हा त्यावर साधा उपाय आहे. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा मिळतो. परंपरेबद्दल प्रेम असणाऱ्यांनी हे बोललं पाहिजे, नाहीतर आपलं प्रेम झाडाच्या उपयोगाचं नाही.

देवराई फक्त सह्याद्रीत असते का?

नाही. भिल्ल गावांत तिला मातावन म्हणतात. गावदेवीची राखलेली राई. तिथलं लाकूड घरासाठी नेत नाहीत. उघड्या डोंगरांच्या मध्ये असा एखादा दाट ठिपका दिसला की बहुधा तो मातावनच. आसपासच्या झाडांचं बी तिथूनच वाऱ्याने, पाखरांनी पसरतं.

झाडाकडे कसं पाहावं हे इंदल या नवसाच्या पूजेतही दिसतं. बारेला-भिलाला घरांत आणि नर्मदेपलीकडे नंदुरबारच्या पावरा गावांतही ती होते. कळंबाच्या फांद्या आणून अंगणात रोवतात, रात्रभर गाणं चालतं. फांदी तोडण्याआधी झाडाची पूजा करतात, त्याची परवानगी मागतात.

हलमा हा सण आहे का?

सण नाही, रीत आहे, पण सणासारखीच सगळ्यांची. एखाद्याने सगळे प्रयत्न करूनही त्याचं काम एकट्याने होत नसेल, घर शाकारायचं असेल, शेताचं काम अडलं असेल, तर तो गावाला हलम्याची हाक देतो. गाव येतं. मजुरी कुणी घेत नाही.

झाबुआ शहराला लागून असलेल्या हाथीपावा टेकडीवर ही रीत पाण्यासाठी वापरली गेली. शिवगंगा संस्थेच्या हाकेवर गावोगावची हजारो माणसं आपली गैती (टिकाव), आपली तगारी (घमेलं) आणि आपली भाकरी घेऊन आली आणि त्यांनी उतारावर समतल चर खोदले. असे चर धावतं पाणी अडवतात, ते मुरवतात, आणि माती जागेवर राहते. या कामाशी जोडलेले महेश शर्मा यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की नवी योजना शिकवावी लागली नाही. लोकांकडे जे होतं त्यालाच हाक दिली गेली.

आमच्याकडे बैल नाही. पोळा कसा करायचा?

मातीचे बैल पुजतो तसे पुजाच, पण मुलांना त्यामागचं सांगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते: जुवाने घासून निबर झालेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं. पोळ्याच्या दिवशी जू ठेवायचं नाही. पावसाळ्याच्या ऐन कामानंतर जनावराला दिलेली ही सुट्टी आहे.

माळव्यात बैल कमी का झाला हेही त्यांना कळू द्या. पन्नासएक वर्षांपूर्वी खरिपात इथे ज्वारी, कापूस, तूर दिसे. मग सोयाबीन आलं. देशाचं सोयाबीन संशोधन केंद्र १९८७पासून इंदूरातच आहे. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. पेरणी ट्रॅक्टरने, काढणी यंत्राने होऊ लागली. माळवी आणि निमाडी या आपल्या भागातल्या दोन्ही जाती ओढकामासाठीच नावाजलेल्या. पांढुरकी माळवी आणि तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली निमाडी. काम गेलं की जात टिकणं अवघड होतं. ट्रॅक्टरला हार घालायला माझी हरकत नाही. पण त्या दिवशी मुलांना गोशाळेत किंवा जवळच्या गावात नेऊन या दोन जाती ओळखायला लावा.

संजा आपल्या मुलींनी काढावी का?

अवश्य. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने आकृती काढायची, तिच्यावर गुलतेवडी, झेंडू अशा फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाणी म्हणायची. शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती, होतो आणि सगळं वाहत्या पाण्यात. खानदेश-वऱ्हाडाकडून आलेल्या घरांना भुलाबाईची आठवण येईल. आता बाजारात छापील कागदी संजा मिळते. शक्य असेल तर ती टाळा. पावसाळा सरताना दारात कोणती फुलं आहेत हे मुलीला शोधायला लावणं हीच तर संजाची गंमत आहे.

घटातल्या धान्याचा काही शेतकी अर्थ आहे का?

रब्बीच्या पेरणीआधी मातीत बी घालून नऊ दिवस रोज पाहायचं, याचा अर्थ शेतकऱ्याला सांगावा लागत नाही: बी कसं उगवतं हे त्याला दिसतं. निमाडात चैत्रात गणगौरीला टोपल्यांत गहू पेरून जवारे वाढवतात. तेव्हा गहू नुकताच घरात आलेला असतो. घट मांडताना शेतातली किंवा कुंडीतली खरी माती आणि बीजप्रक्रिया न केलेलं घरचं धान्य घ्या. दुकानातल्या पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती नको.

दसऱ्याला सोनं द्यावं की नको?

एक पान द्या, फांदी नको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फांद्यांचे ढीग येतात, दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यात जातात. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही खपवतात. कांचनाचं पान मोठं आणि पातळ असतं, आपट्याचं लहान, जाड, खरखरीत. आपटा सावकाश वाढतो. कॉलनीच्या बागेत दोन आपटे लावले तर काही वर्षांनी सगळ्या घरांना पानं तिथूनच मिळतील. वटपौर्णिमेलाही हेच: कुंडीत खोवलेल्या विकतच्या फांदीला पुजण्यापेक्षा चार गल्ल्या चालून वडापाशी जा.

होळीत लाकूड जाळणं जुनीच रीत नाही का?

जुनी आहे, पण माळव्यात तिच्याइतकीच जुनी रीत शेणाच्या बडकुल्ल्यांची आहे. मुलं शेणाच्या छोट्या चकत्या करून वाळवतात, त्यांच्या माळा होळीला घालतात. गोवऱ्या आणि बडकुल्ल्यांची होळी पूर्ण होळीच असते.

परंपरेने निसर्ग आपोआप राखला जात नाही याचं ठळक उदाहरण शेजारच्या दक्षिण राजस्थानात आहे. तिथे होळीच्या खांबासाठी काटेसावर तोडतात आणि तिची संख्या घटत गेली. नेमक्या त्याच दिवसांत ती लाल फुलांनी भरलेली असते आणि मैना, बुलबुल तिच्या मधावर जगत असतात.

रंगासाठी पळस वापरा. गळलेली फुलं वेचून रात्रभर पाण्यात ठेवायची किंवा उकळायची, केशरी रंग उतरतो. झाडावरची फुलं तोडू नका.

गणपती आणि निर्माल्याचं काय करावं?

सिरपूर तलाव आणि यशवंत सागर हे इंदूरचे दोन्ही जलाशय २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. यशवंत सागरावर सारस दिसतो. अशा पाण्यात प्लास्टरची मूर्ती जाता कामा नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या सुधारित सूचनाही तेच सांगतात. छोटी कच्च्या मातीची, न रंगवलेली मूर्ती घ्या, घरी बादलीत विसर्जित करा, ती माती झाडांना द्या.

निर्माल्याचं खत करा. खजराना गणपतीच्या देवळात फुलांचं खत होतंच. आणि इंदूरच्या माणसाला तर खताची ओळख हवीच: १९२४मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, वेळोवेळी पालटून, साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. गॅलरीतल्या मडक्यातही तिचं तत्त्व चालतं: ओलं आणि सुकं आळीपाळीने, थोडं शेण किंवा जुनं खत, हवा लागेल असं अधूनमधून हलवणं.

चातुर्मासातल्या मनाया पाळाव्यात का?

ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मासे खाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. त्या दोन महिन्यांत स्थानिक नदी-तलावातला मासा विकत घेऊ नये.

सणांवरून सांगितलेले पावसाचे अंदाज मानावेत का?

बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि तिच्यावरून भाकीत सांगतात. खूप शेतकरी ते उत्सुकतेने ऐकतात. पेरणीचा निर्णय मात्र हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहूनच करावा. पहिल्याच सरीवर पेरलं आणि मग पावसाने ओढ दिली, तर बियाणं जातं. सोयाबीनचं बियाणं स्वस्त नाही.

आदिवासींचे सण आपणही घरी साजरे करावेत का?

मला वाटतं, नको. नवाई ही त्या गावाची, त्या शेताची आणि त्या पूर्वजांची आहे. बोलावलं तर जावं, जेवावं. घरी करायला आपली ऋषिपंचमी आहे, तीच नीट करावी. त्यापलीकडे करण्यासारखं पुष्कळ आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, झाबुआ-अलीराजपूरच नव्हे तर इंदूरातही कार्यक्रम होतात, तिथे ऐकायला जा. पिटोलच्या भूरीबाईंना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं मुलांना दाखवा. त्यांत झाडं, जनावरं, शेतं सगळं आहे. झाबुआच्या बाहुल्या, हाटातला वाळवलेला मोह, देशी मका, उडीद करणाऱ्याच्या हातून घ्या, आणि भाव करताना त्या माणसाचा दिवस किती लांबून सुरू झाला आहे ते विचारा.